बाबांचा बॅकस्विंग

माझे सासरे एका कारखान्यात छत्तीस वर्षं होते, त्यातली शेवटची चौदा टूलरूमचे, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवणाऱ्या विभागाचे, फोरमन म्हणून. निवृत्त होऊन आठ महिने झाले तरी शेजारी त्यांना फोरमनच म्हणायचे, आणि घरातही त्यांची नजर तशीच फिरायची. दाराची बिजागरी कुरकुरली, भिंतीवरचं घड्याळ जरा कललं, की ते जागचे उठलेच. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी रोज तासभर चालायला सांगितलं होतं. ते चालायचे, पण तोंड वाकडं करून. "कुठे जायचं नाही, काही आणायचं नाही, नुसतं चालायचं. मी काय घड्याळाचा काटा आहे?"

मी गोल्फ शिकवते. शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर सरावाचं मैदान आहे. पत्र्याच्या लांब छपराखाली बावीस कप्पे, प्रत्येक कप्प्यात हिरवी चटई आणि चेंडूंची बादली, समोर अडीचशे मीटर मोकळी जमीन. शेवटचे दोन कप्पे माझे. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण बाबांनी माझं काम एकदाही पाहिलं नव्हतं. कोणी विचारलं तर सांगायचे, "सून चेंडू मारायला शिकवते." त्यात टोमणा नसायचा. त्यांच्या लेखी ते तेवढंच होतं.

एका मंगळवारी सकाळी ते बसने मैदानावर आले. इस्त्रीचा शर्ट, कारखान्यातले जाड तळव्याचे बूट. मी एका डॉक्टरीणबाईंचा तास घेत होते. तो संपेपर्यंत ते मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले. मग उठून म्हणाले, "मलाही शिकव."

"तुम्हाला?"

"नुसतं चालून कंटाळा आलाय. इथे निदान काहीतरी मारायला आहे. पण सगळ्यांना शिकवतेस तसंच शिकव. सासरा म्हणून सवलत नको."

"मग सून म्हणून उलट उत्तरं पण नकोत," मी म्हणाले.

"ते बघू," बाबा म्हणाले.

पहिले दोन आठवडे मजेत गेले. उभं कसं राहायचं, पाय किती लांब ठेवायचे, पाठ किती झुकवायची, हे मी एकदा सांगितलं की त्यांना पुन्हा सांगावं लागत नव्हतं. आयुष्यभर सुताएवढा फरक नजरेने ओळखणारा माणूस. चेंडू कुठे ठेवायचा ते डाव्या टाचेपासून मोजून घ्यायचे. बाकीचे विद्यार्थी चेंडू किती लांब गेला ते बघतात, हे चटईवर क्लब, म्हणजे मारायचा दांडा, कुठे घासला त्याची खूण बघायचे. मला वाटलं, असा विद्यार्थी मिळायला भाग्य लागतं.

मग आम्ही बॅकस्विंगला आलो आणि गाडी अडली.

बॅकस्विंग म्हणजे चेंडूपासून क्लब मागे नेत खांद्याच्या वर उचलायचा ती हालचाल. चेंडू मारायच्या आधीची तयारी. बघणाऱ्याला वाटतं यात काय आहे, पण क्लब पहिल्या दोन फुटांत कुठे जातो यावर पुढचं सगळं ठरतं. हात उजव्या मांडीपाशी आले की क्लब जमिनीला समांतर हवा, आणि चेंडू ज्या दिशेला मारायचा आहे त्या रेषेलाही समांतर. तिथून डावं मनगट अंगठ्याच्या बाजूला मोडायचं, म्हणजे क्लब आपोआप वर उभा राहतो. बाबांचा क्लब उभा राहायचाच नाही. ते दोन्ही पंजे दाराची मूठ फिरवावी तसे फिरवायचे आणि क्लब सरळ पाठीमागे जायचा. वर पोचेपर्यंत तो खांद्याभोवती पंचा गुंडाळावा तसा आडवा झालेला. आता तिथून खाली येताना तो बिचारा कुठून येणार? चेंडू कधी उजवीकडच्या जाळीत, कधी दहा पावलांवर गवतात.

मी जमिनीवर काठी ठेवली. "बाबा, क्लब या काठीच्या वर, तिला समांतर आला पाहिजे."

"कळलं."

पुन्हा मागे.

मी त्यांना भिंतीला पाठ करून उभं केलं, म्हणजे क्लब मागे गेला की भिंतीवर आपटेल. आपटला. पुन्हा आपटला. भिंतीवर काळ्या रेघोट्या उमटल्या. मी फोनवर त्यांचं चित्रण करून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते तीनदा पाहिलं आणि म्हणाले, "चूक माझीच आहे. पंजा फिरतोय."

"मग फिरवू नका."

"मी कुठे फिरवतोय? तो फिरतोय."

चार आठवडे आमचं हेच चाललं. सगळ्यात त्रासाची गोष्ट ही की त्यांना सगळं समजत होतं. एकदा डॉक्टरीणबाईंना क्लबचा कोन समजेना, तेव्हा बाबांनीच खिशातून पेन्सिल काढून चेंडूंच्या खोक्यावर आकृती काढून दिली. इतकी सोपी की मी तिचा फोटो काढून ठेवला. आणि मग स्वतः वळून चेंडू जाळीत घातला.

घरी माझा नवरा विचारायचा, "काय म्हणतोय विद्यार्थी?"

"ऐकत नाही."

"माझ्या वडलांनी कुणाचं ऐकलंय?" तो म्हणायचा. आणि मलाही ते पटायला लागलं. वाटलं, छत्तीस वर्षं दुसऱ्यांना सांगायची सवय, सुनेचं ऐकणं जड जात असणार. तोंडाने हो म्हणतात आणि हात आपलंच खरं करतात.

सातव्या आठवड्यात बाबा रिक्षातून आले, कारण बसमध्ये ते सामान मावलं नसतं. घराच्या गच्चीवर बसून त्यांनी एक साचा बनवला होता. प्लायवूडचा पाट, त्यावर प्लास्टिकचे दोन पाइप कमानीसारखे वाकवलेले, आणि दोन्हींच्या मधोमध क्लब जाईल एवढी फट. "क्लबला दुसरीकडे जायला जागाच ठेवली नाही," ते म्हणाले. "बारा मिलिमीटरची सवड दोन्ही बाजूंना. बघ तू."

काम सुरेख होतं. कडा पॉलिश पेपरने घासलेल्या, स्क्रूची डोकी आत बुडवलेली. आजूबाजूच्या कप्प्यांतले लोक बघायला आले. मी म्हणाले, "बाबा, याने हाताला झटका बसेल." ते म्हणाले, "सावकाश करतो."

पहिला फेरा सावकाश झाला आणि क्लब पाइपला घासत वर गेला. दुसराही. तिसऱ्या वेळी लोक बघतायत म्हणून असेल, त्यांनी जोर लावला. क्लब पाइपमध्ये अडकला, पाइप मुळापासून सुटला आणि गरगरत शेजारच्या कप्प्यात गेला. डॉक्टरीणबाई पाणी प्यायला वाकल्या होत्या म्हणून वाचल्या. त्यांच्या पिशवीवर पाइप आदळला आणि थर्मासची काच फुटली.

मग मी बोलले, आणि नको तेवढं बोलले.

"बाबा, साच्यात काही खोट नाही आणि क्लबमध्येही नाही. मी सांगते ते तुम्हाला करायचंच नाहीये. दोन महिने होत आले. दहा वर्षांची मुलगी हे चार दिवसांत शिकते. तुम्हाला शिकायचं नसेल तर माझा वेळ घेऊ नका."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. बाविसाव्या कप्प्यापासून पहिल्यापर्यंत ऐकू गेला असणार. बाबांनी मान वर केली नाही. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन त्यांनी माफी मागितली, नवा थर्मास आणून देतो म्हणाले. मग सुटलेले स्क्रू एकेक वेचून खिशात घातले, पाट काखेत मारला आणि उजव्या हाताने डावं मनगट धरून रस्त्यापर्यंत चालत गेले. ते मनगट धरणं मी पाहिलं. बघूनही माझ्या डोक्यात काही आलं नाही, कारण मी रागात होते.

ते पुन्हा मैदानावर आले नाहीत. घरात अबोला नव्हता, त्याहून वाईट होतं. ते माझ्याशी अगदी व्यवस्थित बोलायचे. "चहा झाला का तुझा?" "गाडीत हवा बघून घेतली का?" चालायला मात्र रोज जायचे, तक्रार न करता. सासूबाईंनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी मला स्वयंपाकघरात गाठलं.

"काय झालंय तुमच्यात?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "हट्टी आहेतच ते, मी चाळीस वर्षं बघतेय. पण एक सांगू? एखादी गोष्ट त्यांना करायची नसेल तर ते आधी तोंडावर नाही म्हणतात. हो म्हणून टाळलंय असं मला तरी आठवत नाही."

हे माझ्या मनात रुतून बसलं.

रविवारी सकाळी आम्ही चौघं टेबलाशी बसलो होतो. सासूबाई पेपर वाचत होत्या, नवरा पावाला लोणी लावत होता. बाबांच्या उजव्या हातात चष्मा होता म्हणून त्यांनी डाव्या हाताने किटली उचलली आणि माझ्या कपात चहा ओतला. ओतून झाल्यावर किटलीचं तोंड वर करायचं असतं. आपण ते मनगटाने करतो. बाबांनी कोपर खाली दाबलं, खांदा मागे घेतला आणि सगळा हात एक लाकडाचा तुकडा असावा तसा हलवून किटली सरळ केली. मनगट जागचं हललं नाही.

मी कप खाली ठेवला. "बाबा, पुन्हा ओता बरं."

"भरलाय की कप."

"त्याच्या कपात ओता." मी नवऱ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी ओतला. पुन्हा तेच.

"दोन्ही हात पुढे करा. कैची धरल्यासारखे, अंगठे वर. आता कोपर न हलवता अंगठे स्वतःकडे आणा."

उजवा अंगठा सहज मागे आला. डावा होता तिथेच राहिला. त्यांच्या कपाळावर आठी पडली, दंडाची शीर फुगली, आणि मनगट मोडण्याऐवजी पंजा हळूहळू पालथा फिरला. मैदानावर फिरायचा अगदी तसाच.

"हे कधीपासून आहे?" मी विचारलं.

"असंच आहे ते."

"जन्मापासून?"

बाबा चष्मा पुसायला लागले. मग म्हणाले, "जुनं आहे. मशीनचा हॅन्डल उलटा आला होता. झाली असतील तीस-एकतीस वर्षं."

सासूबाईंनी पेपर खाली केला. "कुठला हॅन्डल?"

"होता एक."

"एकतीस वर्षांपूर्वी तुम्ही महिनाभर हाताला पट्टी बांधून फिरत होतात. मला सांगितलं होतं, बाथरूममध्ये घसरलो."

"घसरलो पण होतो."

"मी त्या बाथरूमची फरशी बदलून घेतली!" सासूबाई उभ्या राहिल्या. "तुमच्यासाठी! भाऊजींशी भांडून! आणि तुम्ही घसरलाच नव्हतात?"

माझ्या नवऱ्याने पाव तोंडासमोर धरला, पण हसू लपलं नाही. सासूबाई त्याच्यावरही उखडल्या. बराच वेळ फरशीचाच विषय चालला. तो निवल्यावर बाबांनी उरलेलं सांगितलं. तेव्हा ते नुकतेच बारीक कामाच्या मशीनवर लागले होते. हात मोडला हे कळलं असतं तर त्यांना पुन्हा मालाच्या गोदामात पाठवलं असतं आणि ती जागा दुसऱ्याला गेली असती. म्हणून कुणालाच सांगितलं नाही. डॉक्टरकडेही गेले नाहीत. सूज उतरली, काम जमायला लागलं, जिथे मनगट वळत नव्हतं तिथे कोपर वळवायला शिकले. "मग विसरलो," ते म्हणाले. ते खरं असावं. तीस वर्षं सवयीने झाकलेली गोष्ट माणसाला स्वतःलाही दिसत नाही.

सोमवारी नवरा त्यांना हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. क्ष-किरणात दिसलं, अंगठ्याच्या मुळाशी असलेलं छोटं हाड मोडून कधी जुळलंच नव्हतं आणि आजूबाजूचे सांधे झिजले होते. डॉक्टर म्हणाले, आता या वयात चिरफाड करण्यात अर्थ नाही. खेळा, पण जबरदस्ती करू नका.

त्या संध्याकाळी बाबा गच्चीत झाडांना पाणी घालत होते. मी वर गेले.

"बाबा, मी चुकले. चारचौघांत बोलले ते तर चुकलंच, पण त्याच्या आधीही चुकले."

"तुला कसं कळणार? मी सांगितलंच नव्हतं."

"सांगायची गरज नव्हती. माझं कामच ते आहे." मग जे मला दोन दिवस आतून टोचत होतं ते मी सांगितलं. नवा विद्यार्थी आला की पहिल्याच दिवशी मी त्याची मनगटं, खांदे, कंबर हाताने तपासून बघते. कोण किती वळतं ते कळल्याशिवाय शिकवायला सुरुवात करत नाही. चूक झाली तर हात धरून क्लब योग्य जागी नेऊन ठेवते. डॉक्टरीणबाईंच्या बाबतीत हे केलं, सत्तरीच्या एका वकिलांच्या बाबतीत केलं. फक्त बाबांच्या बाबतीत केलं नाही. सासऱ्यांचा हात कसा धरायचा, या संकोचाने मी दोन पावलं लांब उभी राहून नुसतं तोंडाने शिकवत राहिले. पहिल्या दिवशी मनगट हातात घेतलं असतं तर दोन मिनिटांत समजलं असतं. "सगळ्यांसारखं शिकव, एवढंच तुम्ही मागितलं होतं," मी म्हणाले. "तेवढंच मी केलं नाही."

बाबांनी नळ बंद केला. पाण्याचा पाइप गुंडाळून खिळ्याला अडकवला. बराच वेळ लावला त्यांनी त्या कामाला.

"उद्या किती वाजता येऊ?" त्यांनी विचारलं.

मंगळवारी मी आधी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि दोन्ही मनगटं, कोपरं, खांदे तपासले. त्यांना अवघडल्यासारखं झालं, मलाही झालं, आणि पाच मिनिटांनी दोघांचंही ते गेलं. डावं मनगट अंगठ्याच्या बाजूला मोडत नव्हतं, पण हाताच्या पाठीच्या बाजूला बऱ्यापैकी वाकत होतं. म्हणजे रस्ता होता, फक्त दुसरा होता. मी त्यांचा डावा हात क्लबवर आणखी उजवीकडे फिरवून बसवला, खाली बघितल्यावर बोटांच्या मुळाच्या तीन गाठी दिसतील इतका. अशी पकड घेतली की क्लब वर उचलायला मनगट बाजूला मोडावं लागत नाही, मागे वाकलं तरी चालतं.

"आता चेंडू विसरा," मी म्हणाले. "क्लब आधी पोटासमोर वर उचला. फक्त उचला. बस. आता हात तसेच ठेवा आणि खांदे उजवीकडे वळवा."

खांदे वळले आणि त्यांच्याबरोबर क्लबही गेला. मी त्यांची मनगटं माझ्या हातांनी धरली होती. पंजा फिरायला लागला की मला आधी कळायचं, मी थांबवायची. दहा वेळा, वीस वेळा. मग मी हात सोडले. ते पुन्हा वळले. क्लब वर थांबला तेव्हा तो खांद्याच्या मागे लोंबकळत नव्हता, उजव्या खांद्यावर उभा होता, जरा आखूड पण जिथे हवा तिथे.

"हलू नका," मी म्हणाले आणि फोटो काढला. बाबांनी चष्मा लावून बघितला.

"पाऊण झालाय. पूर्ण वर गेला नाही."

"पूर्ण जाणारही नाही. तुमच्या मनगटाला एवढाच झेपेल. पण जागा बरोबर आहे."

"मग पाऊणच पक्का करू," ते म्हणाले.

त्याला सात आठवडे लागले. रोज साठ चेंडू, त्याहून एक जास्त नाही, ही माझी अट होती. आधी अर्धे चेंडू अजून जाळीत जायचे, कारण दमले की जुना पंजा परत यायचा. मग मी म्हणायची, "बाबा, दार उघडताय," आणि ते थांबून पकड पुन्हा बसवायचे. हळूहळू चेंडू सरळ जायला लागला. लांब नाही, नव्वद-शंभर मीटर, आणि बुटका, पण सरळ. डॉक्टरीणबाई त्यांच्या शेजारच्याच कप्प्यात उभ्या राहू लागल्या. म्हणाल्या, "आता इथे धोका नाही."

शहरातल्या गोल्फ कोर्सवर शिकाऊ लोकांची नऊ होलची, म्हणजे नऊ खळग्यांची, स्पर्धा होती, तिच्यात मी त्यांचं नाव घातलं. चौदा जण खेळले. बाबा नववे आले. दुसऱ्या होलवर चेंडू वाळूत गेला आणि तिथेच त्यांनी पाच फटके घालवले. पण पाचव्या होलवर, जिथे तळ्याच्या कडेने मारावं लागतं, तिथे तरण्या पोरांनी जोर करून चेंडू पाण्यात घातले आणि बाबांनी आपला पाऊण फटका मारून होलभोवतीच्या हिरवळीवर नेऊन ठेवला. सासूबाई सावलीतल्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या तशा त्यांनीही वाजवल्या आणि शेजारच्या बाईंना सांगितलं, "आमचे हे. डावं मनगट मोडलेलं आहे त्यांचं, एकतीस वर्षं."

परत येताना गाडी मी चालवत होते. सासूबाईंना मागे डुलकी लागली होती. बाबा शेजारी बसून धावांसारखे फटके बोटांवर मोजत होते. मधेच म्हणाले, "सातव्या होलपासून मनगट दुखतंय."

"किती?"

"बरंच. आतून कळ येतेय."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत? दोन होल सोडले असते."

"आता सांगतोय ना," बाबा म्हणाले.

पुढच्या चौकात औषधांचं दुकान होतं. मी गाडी बाजूला घेतली आणि बर्फाची पिशवी आणायला उतरले.